घाट उतरताना लिव्हर ग्रिपला टेकली

काकांची चार चाकांची क्वाड पिकअपमधून उतरवली तेव्हा तिचे ब्रेक लागत होते. माझ्या पोऱ्यानं गॅरेजसमोर दोन चकरा मारल्या, हँडलवरची ब्रेकची लिव्हर दाबली, गाडी जागच्या जागी थांबली. काका बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "इथे थांबते रे. घाटात थांबत नाही."

काकांचं शेत इंदूरहून खंडवा रोडला, सिमरोल ओलांडून चोरलच्या अंगाला आहे. सोयाबीन, गहू चालूच असतं, पण आता चार खोल्या बांधून शनिवार-रविवारी पाहुणेही घेतात. जेवायला दाल-बाफले आणि फिरायला दोन क्वाड. एटीव्ही म्हणा, क्वाड म्हणा. त्यांच्या गड्याच्या भाषेत 'चार पहिये वाली फटफटी'. चिनी बनावटीची, 250 सीसीची, गिअर नसलेली, बेल्टवर चालणारी. नंबरप्लेट नाही, म्हणून आली ती पिकअपवर बांधून.

झालं होतं असं. आदल्या रविवारी गडी एका पाहुण्याला मागे बसवून वरच्या माळावरून नाल्याकडे उतरत होता. बेल्टवाल्या गाडीची एक खोड असते. उतारावर रेस सोडली आणि वेग थोडा पडला की क्लच सुटतो, मग इंजिनाचा धाक चाकांवर राहत नाही आणि गाडी मोकळी घरंगळते. म्हणजे दोन माणसांचं आणि गाडीचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर. गडी लिव्हर धरूनच उतरत आला. तिसऱ्या वळणावर लिव्हर सरळ ग्रिपला जाऊन टेकली. त्यानं पायाचा मागचा ब्रेक दाबला आणि प्रसंगावधान राखून गाडी घाणेरीच्या झुडपात घातली. माणसं खरचटण्यावर निभावली, पुढचं मडगार्ड तडकलं. दहा-पंधरा मिनिटं सगळे तिथेच बसून राहिले. मग लिव्हर दाबून पाहिली तर जशीच्या तशी. गड्यानं जाहीर केलं की गाडीत काहीतरी बसलंय.

बसलं होतं ते पाणी. पण ती अर्धीच गोष्ट निघाली, आणि उरलेल्या अर्ध्या गोष्टीपायी माझा दीड दिवस गेला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तापल्यावरच का?

ब्रेक जाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात, आणि गिऱ्हाइकाकडून एवढं काढून घेतलं की निम्मं काम होतं: केव्हा गेला, कसा गेला, आणि परत आला का? लिव्हर दाबून धरली असता हळूहळू खचत जात असेल तर मास्टर सिलिंडरचा (लिव्हरपाशी बसून द्रव पुढे ढकलतो तो) वायसर, म्हणजे रबरी सील, गेलेला असतो, नाहीतर कुठेतरी गळती असते. लिव्हर दगडासारखी घट्ट पण गाडी थांबत नाही, तर डिस्कला आवळणारे पॅड बघायचे. ते काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात किंवा त्यांवर काहीतरी सांडलेलं असतं. थंड असतानाही स्पंजसारखी दबत असेल तर लाइनमध्ये हवा. आणि थंड असताना ठीक, तापल्यावर गायब, निवल्यावर पुन्हा हजर, असं असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय.

ब्रेक ऑइल सगळेच म्हणतात, मीही म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. हा काही नुसता अवगुण नाही. पाणी त्यात विरून जातं म्हणून कॅलिपरच्या (चाकापाशी पॅड दाबतो तो) तळाशी थेंब होऊन साचत नाही. साचलं असतं तर 100 अंशांवरच वाफ झाली असती आणि सिलिंडर गंजला असता तो वेगळाच. विरण्याची किंमत मात्र मोजावी लागते. डॉट ही या द्रवाची प्रत. डॉट 3 कोरडं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. द्रव दाबलं जात नाही, म्हणून तर बोटांचा जोर पॅडपर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. एकदा वाफ झाली की लिव्हर ती वाफच दाबत बसते. गाडी निवली की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि भूत उतरतं.

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट 4 कोरलेलं होतं. काकांना विचारलं, वरून भरायला काय वापरता? दुसऱ्या दिवशी त्यांनी शेतावरची बाटली पाठवली: डॉट 3, झाकण अर्धवट लावलेलं, दोन पावसाळे पंपाच्या खोलीत काढलेली. डॉट 3 आणि डॉट 4 एकमेकांत मिसळले म्हणून लगेच काही फाटत नाही, दोघांची जात एकच. पण चांगल्यात हलकं मिसळलं की मर्यादा खाली येते, आणि ही बाटली तर उघडी राहून आधीच पाणी प्यायलेली. (डॉट 5 चं नाव याच रांगेत असलं तरी ते सिलिकॉन आहे. ते यांच्यात कधीही मिसळायचं नाही. डॉट 5.1 चालतं.)

टाकीतून सिरिंजनं थोडं काढलं. कढून कढून काळपट झालेल्या चहाचा रंग. द्रवातलं पाणी मोजणारा पेन टेस्टर बुडवला तर शेवटचा लाल दिवा लागला, म्हणजे 4 टक्क्यांच्या वर. हे पेन स्वस्तातलं असतं, त्याच्या आकड्यावर मी शपथ घेणार नाही, पण लाल दिवा आणि हा रंग एकत्र दिसले की आणखी पुरावा लागत नाही. एक शंका तरीही फेडून घेतली: कुणी इंजिन ऑइल तर ओतलं नाही ना? शेतावर हे होतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चार थेंब सोडले. ते पाण्यात विरले, वर तवंग आला नाही. टाकीच्या झाकणाखालचं रबरी डायफ्रामही फुगलेलं नव्हतं. खनिज तेल गेलं असतं तर ते रबर सुजलं असतं आणि एकूण एक वायसर बदलावा लागला असता. तेवढं वाचलं.

अर्धा लिटर आणि नरम लिव्हर

या गाडीची रचना सोपी आहे. उजव्या लिव्हरचा मास्टर, त्यातून एक होज पाइप खाली, मध्ये फाटा, फाट्यातून दोन पाइप पुढच्या दोन कॅलिपरला. मागची एक डिस्क पायाच्या पेडलवर, तिचं सर्किट वेगळं. म्हणजे पुढे कुठेही गडबड झाली की पुढची दोन्ही चाकं एकदम जातात, आणि उतारावर सगळा भार तर पुढेच येतो. आपल्या पीथमपूरला 2007 पासून बाहा एसएई इंडियाच्या स्पर्धेत कॉलेजची मुलं स्वतः बांधलेल्या एटीव्ही उतरवतात. तिथे दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किटं असल्याशिवाय गाडी तपासणीतून पुढे जात नाही, आणि ब्रेकच्या परीक्षेत चारही चाकं लॉक करून दाखवावी लागतात. त्या मुलांचा हेवा वाटावा अशी ही शिस्त. तिथे पायाचं एकच पेडल चारही चाकं धरतं. आमच्या क्वाडवर मागचा ब्रेक पायात असून गडी तो वापरतच नव्हता.

कॅलिपरवरच्या निपलना, म्हणजे हवा आणि जुनं द्रव बाहेर काढायच्या पोकळ स्क्रूंना, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी 8 चा सहाकोनी सॉकेट लावला. उघड्या तोंडाच्या पान्यानं हे काम करू नये. निपल मऊ असतं, कोपरे झिजले की संपलं. आधी सॉकेटवर हातोडीची हलकी टिचकी, मग किंचित घट्ट करायच्या दिशेनं, मग सोडायच्या. 'टक्' असा बारीक आवाज येतो तो ऐकला की जीव भांड्यात पडतो. टाकीतलं जुनं सिरिंजनं काढलं, चिंधीनं तळाचा गाळ पुसला, सीलबंद बाटली फोडून डॉट 4 भरलं. पेट्रोलच्या टाकीवर आणि मडगार्डवर ओलं फडकं टाकलं, कारण हे द्रव रंग खातं. सांडलंच तर पाण्यानं लगेच धुवायचं, पुसत बसायचं नाही.

मग जुनं द्रव आणि हवा बाहेर काढायचा नेहमीचा खेळ. मी चाकापाशी, पोऱ्या हँडलवर. निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत, ताज्या द्रवात बुडवलेलं. "दाब. दाब. धर." मी निपल पाव फेरा सोडतो, नळीतून काळं पाणी सरकतं, लिव्हर ग्रिपकडे जाते. "धरून ठेव." निपल बंद. "सोड." यात क्रम चुकला, म्हणजे निपल उघडं असताना लिव्हर सुटली, की तीच हवा परत आत. टाकी इतकी लहान की कटिंग चहाच्या ग्लासातलंही तिच्यात मावणार नाही, म्हणून दर पाच-सहा दाबांनंतर भरत राहायचं. लांबच्या चाकापासून सुरुवात करा असं पुस्तकं सांगतात. मोटारीत ते बरोबर, क्वाडच्या पुढच्या दोन पाइपांत मला तरी कधी फरक पडलेला दिसला नाही. मी डावीकडून सुरू केलं एवढंच.

काळं गेलं, चहा आला, मग फिकट सोनेरी. दोन्हीकडे स्वच्छ द्रव, नळीत एकही बुडबुडा नाही. झाकण लावलं, लिव्हर दाबली.

नरम.

पुन्हा पहिल्यापासून केलं. मास्टरला लिव्हरच्या हलक्या टिचक्या देत राहिलो. टाकीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून बारीक बुडबुडे वर येतात. दोन-चार आले, थांबले. फाट्यावर, पाइपवर पान्याच्या दांड्यानं ठोकलं. पुन्हा दोन्ही निपल. अर्ध्या लिटरची बाटली संपली. पोऱ्या घामाघूम. म्हणाला, "उस्ताद, ये तो हवा ही खा रहा है."

माझं निदान ठरलं: मास्टरचा वायसर. तर्क चुकीचा म्हणता येत नाही. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज थोडंच अंतर चालतो, पुढचा भाग गंजतो, आणि हवा काढताना लिव्हर ग्रिपपर्यंत दाबली की वायसर त्या खरबरीत भागावर घासून कापला जातो. (म्हणून जुन्या गाडीत लिव्हरमागे लाकडाचा तुकडा ठेवून तिची चाल अर्धी करावी. मी ठेवला नव्हता.) सियागंजच्या बाजारात फोन लावला. किट उद्या दुपारी येईल म्हणाले. ते त्याच दिवशी मिळालं असतं तर मी ते बसवलंही असतं, काकांच्या बिलात लावलंही असतं, आणि लिव्हर तरीही नरमच राहिली असती.

हवेचा पत्ता

रात्री जेवताना खटकलं की वायसर कापलेला असता तर लिव्हर दाबून धरल्यावर खचली असती. ही खचत नव्हती. नरम होती, पण जिथे थांबली तिथे थांबून होती. म्हणजे दाब टिकतोय, फक्त काहीतरी दबतंय.

सकाळी होज क्लॅम्प काढले. गुळगुळीत जबड्याचे, आणि रबरी पाइपवरच लावायचे, तेही दोन मिनिटांपुरते. स्टीलच्या जाळीचा पाइप असेल तर हा उद्योग करू नये. फाट्याच्या पुढे दोन्ही पाइप दाबून बंद केले आणि लिव्हर दाबली. दगड. बोटभरही जाईना. मास्टर निर्दोष सुटला, फाटाही सुटला. डावा क्लॅम्प काढला: लिव्हर थोडी खाली आली. डावा पुन्हा लावून उजवा काढला: तेवढीच खाली. दोन्ही काढले: कालच्या जागी. हवा कॅलिपरमध्ये होती, दोन्हीकडे, सारखी.

दोन्हीकडे सारखी? एका बाजूला हवा राहिली तर समजू शकतो. मी चाकं काढली, काळ्या मातीचे खपले खरवडून पाडले, मोबाइलचा टॉर्च घेऊन उकिडवा बसलो. पाइप कॅलिपरला जोडणारा बँजो बोल्ट वर होता. निपल खाली, जमिनीकडे तोंड करून. दुसऱ्या बाजूला गेलो. तेच. फडक्यानं कॅलिपर पुसला तर ओतीव अक्षर दिसलं: डाव्या चाकावर 'आर'. उजव्या चाकावर 'एल'.

काकांना फोन केला. "काका, पुढच्या चाकाचं काही काम केलं होतं का?" होळीच्या आधी बॉल जॉइंट बदलले होते, दुसरीकडे. "आणि तेव्हापासून लिव्हर थोडी नरमच आहे, तुला म्हटलं नव्हतं का मी?"

म्हटलं होतं. माझ्या वहीत पहिल्या दिवशीच्या पानावर लिहिलेलंही आहे: 'होळीपासून नरम'. उकळलेल्या द्रवानं घाटातली गोष्ट इतकी चपखल समजावली की त्या ओळीकडे मी परत पाहिलंच नाही. तापल्यावर गायब होणं हा एक दोष, थंड असताना नरम असणं हा दुसरा. दोन्ही एकाच लिव्हरवर बसले होते आणि मी एकाच्या इलाजात दुसऱ्याचा हिशेब धरला.

डावा-उजवा बदलून बसतो कसा? दोन्ही कॅलिपर एकमेकांची आरशातली प्रतिमा, बोल्टच्या भोकांतलं अंतर तेच. बदलून लावले की आरामात बसतात, फक्त उलटे होतात. पाइपला थोडा पीळ पडतो. तो पीळ मला दिसला होता आणि मी तो चिखलाच्या नावावर खपवला होता. कॅलिपर सरळ असला की निपल सगळ्यात वरच्या टोकाला येतं, कारण हवेला वर जायचं असतं. उलटा झाला की हवा वर, बँजोपाशी, छताला चिकटून बसते. नवं द्रव तिच्या कडेनं आत येतं आणि तळाच्या निपलातून निघून जातं. म्हणूनच नळीत शेवटी स्वच्छ, बुडबुडा नसलेली धार दिसली. मी हवेला तळघरातून बाहेर बोलावत होतो. दोनदा त्याच निपलना नळी लावली, पण चाक न काढता, रिमच्या फटीतून हात घालून. निपल हाताला लागलं, डोळ्यांनी पाहिलं नाही.

सुलट

खात्री करायला डावा कॅलिपर पाइपसकट उतरवला. पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीएवढी प्लायवूडची पट्टी घातली. ती नसेल तर लिव्हर दाबताच पिस्टन बाहेर येईल. कॅलिपर हातात धरून निपल आकाशाकडे केलं, पोऱ्याला म्हटलं दाब. नळीतून आधी फुस्स, मग वाटाण्याएवढा बुडबुडा, त्यामागे माळेसारखे बारके. रबरी हातोडीनं ठोकल्यावर आणखी एक. उजव्याचंही तसंच. लिव्हर एकदम वर आली.

पोऱ्याचं म्हणणं, आता आहे तसं लावून टाकू, काम झालं. लिव्हरच्या दृष्टीनं झालंच होतं. पण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलताना जो कुणी बसेल तो माझ्यासारखाच अर्धा लिटर ओतत राहील. शिवाय पीळ पडलेला पाइप दर वळणाला घासतो. कॅलिपर सोडवून आपापल्या घरी पाठवले. बँजोच्या दोन्ही बाजूंना नव्या तांब्याच्या चकत्या. जुन्या एकदा दबलेल्या असतात, त्या पुन्हा घेतल्या की झिरपतात. बँजो साधारण 30 न्यूटन मीटरनं, निपल 6 ते 8 च्या आत. निपलला जोर लागत नाही, तिथे बळ दाखवणाऱ्यांचे मोडके तुकडे माझ्याकडे डब्यात आहेत. पाइप उघडल्यामुळे हवा पुन्हा शिरलीच होती, ती काढली. या वेळी डावीकडे आठ दाब पुरले. मागचं सर्किटही त्याच बैठकीत बदलून घेतलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रात्री सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन लिव्हर ग्रिपला ताणून बांधून ठेवली. कुणी म्हणतात यानं उरलीसुरली हवा निघते. मी करतो ते गळती पाहायला: सकाळी पट्टी सोडून लिव्हर दाबल्यावर उंची तीच राहिली आणि जोडांवर चिंधी कोरडी निघाली की झोप लागते. कोरडी निघाली. काळं निघालेलं सगळं एका कॅनमध्ये, जळक्या इंजिन ऑइलच्या कॅनपासून वेगळं. मागच्या गल्लीतल्या नालीत ओतायची सवय शेजारी अजून काहींना आहे. 2017 ते 2023 सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर आणलेल्या शहरात!

गाडी मी स्वतः शेतावर जाऊन तपासली. गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर या प्रकारच्या दोषाची परीक्षा होत नाही. आधी एकटा, मग गड्याला मागे बसवून, त्याच उतारावर, मुद्दाम त्याच्यासारखीच लिव्हर धरून. तिसऱ्या वळणावर डिस्कचा जळका वास आला, लिव्हर मात्र वरच्या वर. नाल्यापाशी थांबून पाण्याचे दोन थेंब डिस्कवर सोडले, चर्र करून उडाले. लगेच पुन्हा दाबून पाहिली, तेवढ्याच अंतरावर घट्ट. मग गड्याला पायाचा ब्रेक बरोबरीनं वापरून, दाब-सोड करत उतरायला लावलं. दुसऱ्या खेपेला त्याच्या पायाला ते उमगलं. टाकीच्या झाकणाखाली तारखेची चिठ्ठी चिकटवली, दोन वर्षांनंतरची तारीखही लिहिली, आणि पंपाच्या खोलीतली बाटली येताना बरोबर घेऊन आलो.

निघताना काकांना विचारलं, दुसऱ्या क्वाडचे बॉल जॉइंटही तिथेच बदलले होते का? म्हणाले, हो, एकाच दिवशी. ती तेव्हा खालच्या शेतात होती, पाहुणे घेऊन गेलेली. मी म्हटलं, परत आली की पुढचं चाक वळवून आतल्या बाजूनं एक फोटो पाठवा, आणि तोवर उतारावर नेऊ नका.

फोटो संध्याकाळी आला. अंधुक होता, काळ्या मातीनं बरबटलेला, पण निपलवरची रबरी टोपी ओळखू येत होती. जमिनीकडे बघत होती.